बांधीतली प्रयोगशाळा

थोर संशोधकाने ज्या खोलीत बसून आपले शोध लावले ती खोली तिथल्या मेजांसह, बाटल्यांसह आणि भट्ट्यांसह पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवावी, ही कल्पना फार जुनी नाही. परंतु ज्या देशांत ती रुजली तेथे अशा खोल्यांना तीर्थक्षेत्राचे माहात्म्य प्राप्त झाले आहे. हेन्री फोर्ड या मोटारींच्या कारखानदाराने थॉमस एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा मिशिगन प्रांतात डिअरबॉर्न येथे पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले, तेव्हा न्यू जर्सीतील मूळ वास्तू मोडकळीस येऊन तिच्या फळ्या गावोगाव पांगल्या होत्या. फोर्डने त्यांपैकी मिळतील तेवढ्या हुडकून आणल्या, ज्या भूमीवर ती इमारत उभी होती तेथली तांबडी माती रेल्वेच्या डब्यांत भरून शेकडो कोसांवर वाहून नेली, आणि विजेच्या दिव्याच्या शोधाला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे २१ ऑक्टोबर १९२९ रोजी, ब्याऐंशी वर्षांच्या एडिसनला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या उपस्थितीत त्याच मेजापाशी बसवून तो जुना प्रयोग त्याच्याच हातून पुन्हा करविला. ही पुनर्रचना जवळजवळ पूर्णपणे यथातथ्य आहे, फक्त आमची जमीन इतकी स्वच्छ कधीच नव्हती, असे एडिसन त्या वेळी म्हणाल्याचे सांगतात.

या उद्गारात, तो थट्टेने काढलेला असो वा नसो, एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. प्रयोगशाळा जतन करावयाची म्हणजे तिच्यातले नेमके काय जतन करावयाचे? फळ्या आणि माती आणता येतात. परंतु ज्या अस्वच्छतेत, ज्या धांदलीत आणि ज्या सततच्या अपयशात ती विद्या वाढली ते सारे झाडूच्या एका फटक्यासरशी नाहीसे होते. मोराव्हियातील ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार झाडे तपासून आनुवंशिकतेचे नियम शोधले. त्याच्या मठाच्या बागेत आज काचघराच्या पायाचे दगड दाखविले जातात. वाटाणे अर्थातच तेथे उरलेले नाहीत. बागेचे जतन करणे हे खोलीच्या जतनापेक्षा किती दुष्कर आहे, याची कल्पना त्या दगडांवरून येते.

भंडाऱ्याच्या वाचकाला अशी एखादी जागा पाहावयाची झाली तर समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. भंडाऱ्याहून वैनगंगेच्या काठाकाठाने अड्याळवरून पवनीला उतरावे, तेथून दक्षिणेची वाट धरावी, आणि नागभीड तालुक्यातील नांदेड या लहानशा खेड्यापाशी थांबावे. (गोदावरीच्या काठचे प्रसिद्ध नांदेड ते हे नव्हे.) नागभीड आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो, परंतु जमिनीचा पोत, पाऊसमान, तलाव, पिकांची वहिवाट आणि लोकांची बोली यांचा विचार केला तर पवनी आणि नागभीड यांच्या मधली जिल्ह्याची सीमा महसुली दप्तराबाहेर फारशी जाणवत नाही. तीच सिहार आणि मोरंड जमीन, तेच मालगुजारी अमदानीत बांधलेले आणि मालगुजारी जाऊन पाऊण शतक होत आले तरी आजही शेतांना पाणी पाजणारे तलाव, आणि पाळी घालून चहूबाजूंनी पाणी अडविलेल्या त्याच लहानमोठ्या बांध्या, ज्यांच्यात मृगानंतर पऱ्हे टाकतात आणि आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून स्त्रिया रोवणी करतात.

या नांदेड गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शालेय शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकराच्या घरातली. परंतु त्यांनी शोधून काढलेले धान आज पूर्व विदर्भातल्या कोणत्याही बाजारात नावाने मागितले जाते, आणि शेजारच्या छत्तीसगड, मध्य प्रदेश व आंध्र या प्रदेशांतही ते पोहोचले आहे. भंडाऱ्यातल्या किराणा दुकानात जाऊन ‘एचएमटी’ तांदूळ मागणाऱ्या शंभर गृहिणींपैकी फार थोड्यांना दादाजींचे नाव ठाऊक असेल. हा दोष त्या गृहिणींचा नाही, आणि तो कोणाचा हे पुढे क्रमाने दिसेलच.

त्यांची प्रयोगशाळा पाहावयास जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करून जावी. तेथे काचेच्या कपाटात ठेवलेली उपकरणे नसणार, कारण उपकरणे अशी त्यांच्यापाशी नव्हतीच. विळा, सूप, मडकी, बियाणे बांधून ठेवण्याच्या पिशव्या आणि दोन डोळे एवढाच सरंजाम होता. आणि बांधी ही दर वर्षी नांगरली जाते. ज्या मातीत ऐतिहासिक प्रयोग झाला त्याच मातीत पुढच्या आषाढात पुन्हा चिखलणी होते, गेल्या वर्षीचे धसकट कुजून जाते, धुरे पावसाने खचतात आणि नव्याने घातले जातात, आणि खातेफोड किंवा खरेदीविक्री झाली तर फेरफाराच्या एका नोंदीसरशी बांधीचा आकारही बदलतो. फोर्डने आणली तशी माती रेल्वेने वाहून आणून एखाद्या दालनात पसरली तरी तिच्यातून काहीही निष्पन्न होणार नाही. शेताचे मूळ रूप राखून ठेवणे म्हणजे त्याला शेत म्हणून नाकारणेच होय.

तरीही त्या धुऱ्यावर उभे राहण्यास अर्थ आहे. १९८३ च्या खरिपात दादाजींनी आपल्या शेतात ‘पटेल-३’ हे धान लावले होते. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयातील डॉ. जे. पी. पटेल यांनी विकसित केलेला हा वाण त्या काळी या भागात लोकप्रिय होता. पीक निसवून दाणा भरत आला असता दादाजींच्या दृष्टीस असे पडले की, सभोवारच्या हजारो लोंब्यांमध्ये तीन लोंब्या निराळ्या आहेत: दाण्याचा रंग पिवळसर, आणि घडण भोवतालच्या दाण्यांहून बारीक. कोणत्याही शेतकऱ्याला धानाच्या बांधीत निराळी झाडे दिसतातच. त्यांना तो भेसळ म्हणतो, आणि पिकात भेसळ राहू नये म्हणून शहाणा शेतकरी ती उपटून बाहेर टाकतो. दादाजींनी ती उपटली नाहीत. त्यांनी त्या तीन लोंब्या स्वतंत्र कापल्या, दाणे वेगळे वाळविले, वेगळे बांधून ठेवले, आणि पुढच्या हंगामात शेताच्या एका कोपऱ्यात ते निराळे पेरले. रानडुकरांच्या उपद्रवाला प्रतिबंध म्हणून त्या तुकड्याभोवती त्यांनी काटेरी झुडपांचे कुंपण घातले. दीड एकराच्या धन्याने अन्नाच्या जमिनीतला एक तुकडा केवळ कुतूहलासाठी वेगळा काढावा, याचे मोल ज्याने कधी पाच माणसांचे घर धानावर चालविले आहे त्यालाच नीट कळेल.

हे कृत्य शास्त्राच्या दृष्टीने काय होते ते येथे जरा सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण दादाजींना दैवाने एक लॉटरी लागली असा जो समज रूढ आहे तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. भाताचे फूल सकाळच्या उन्हात उमलते आणि थोड्याच वेळात मिटते. पुष्कळदा तर उमलण्याच्या क्षणीच ते स्वतःच्या परागकणांनी फलित होऊन गेलेले असते. म्हणून भात हे स्वपरागित पीक मानले जाते, आणि शेजारच्या झाडाचा पराग येऊन संकर होण्याचे प्रमाण सामान्यतः शंभरात एकाहूनही कमी असते. कमी असते, परंतु शून्य नसते. आपल्या मुलखात तर एकाच गावात, पुष्कळदा एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना, निरनिराळे वाण उभे असतात; त्यामुळे दर वर्षी कोणत्या ना कोणत्या बांधीत असा एखादा नैसर्गिक संकर होत असतो. कधी बियाण्यातच दुसऱ्या वाणाचे चार दाणे मिसळून आलेले असतात, आणि क्वचित एखाद्या झाडाच्या आनुवंशिक द्रव्यात आपोआप बदल घडून येतो. दादाजींच्या तीन लोंब्यांमागे यांपैकी कोणते कारण होते हे त्या लोंब्यांकडे नुसते पाहून ठरविता येण्याजोगे नव्हते, आणि त्यांच्या कामाला ते ठरविण्याची आवश्यकताही नव्हती.

परंतु ते झाड संकरातून आलेले असेल तर त्याच्या संततीत पहिल्याच पिढीपासून फाटाफूट सुरू होते. काही झाडे आजोबांसारखी निघतात, काही आजीसारखी, काही दोघांच्या मधली. मेंडेलने वाटाण्यात जो हिशेब मांडला तो येथेही लागू पडतो: स्वपरागित पिकात दर पिढीगणिक संमिश्र गुणांचे प्रमाण निम्म्याने घटते. पहिल्या पिढीत ते शंभर टक्के धरले तर पुढे पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा असे उतरत सहाव्या पिढीच्या सुमारास तीन टक्क्यांवर येते, आणि मग बियाणे स्थिर झाले, म्हणजे पेराल तसेच उगवेल, अशी खात्री देता येते. या पाच-सहा हंगामांत काम मात्र अखंड चालू ठेवावे लागते. हव्या त्या लोंब्या निवडावयाच्या, नको ती झाडे काढावयाची, उंची पाहावयाची, निसवण्याचा काळ पाहावयाचा, दाणा हातावर चोळून पाहावयाचा, आणि शेवटी शिजवून व चाखून पाहावयाचा. डेन्मार्कच्या योहान्सेन या शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर प्रयोग करून शुद्ध वंशाची जी उपपत्ती मांडली, तिच्या आधारावर जगभरच्या सरकारी संशोधन केंद्रांत निवडीची ही पद्धत पुढे रूढ झाली. दादाजींनी योहान्सेनचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. त्यांनी १९८३ पासून १९८८ पर्यंत तेच काम त्याच क्रमाने आणि तितक्याच धीराने केले, आणि त्या अवधीच्या अखेरीस त्यांच्या हाती एक स्थिर, बारीक दाण्याचा, चवीला उत्तम आणि उत्पन्नात ‘पटेल-३’ ला मागे टाकणारा वाण होता. पाच वर्षांच्या या क्रमाला योगायोग म्हणणे मला तरी अशक्य वाटते. तीन लोंब्या दिसणे हा योगायोग असेल. त्यांच्याकडे पाहण्याची शिस्त तीन लोंब्यांबरोबर उगवत नाही.

पुढची हकीकत व्यापाराची आहे. दादाजींपासून बियाणे घेऊन दुसऱ्या शेतकऱ्यांनी ते मोठ्या क्षेत्रावर लावले, पीक भरघोस आले, आणि १९९० च्या सुमारास ते धान तळोधीच्या बाजारात उतरले. व्यापाऱ्याने विचारले, हे कोणते धान? नाव तर काहीच नव्हते. त्या काळी मनगटावर ‘एचएमटी’चे घड्याळ असणे ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि मालाची उच्च प्रत एका शब्दात सांगण्यासाठी त्या व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकले. सरकारी कंपनीची ती घड्याळे काढणारे कारखाने पुढे बंद पडले. धान मात्र आजही पिकते आहे. अशा रीतीने संशोधकाचे नाव ज्या पोत्यावर यावयास हवे होते त्या पोत्यावर घड्याळाचे नाव आले, आणि ही चूक, कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नसताना, कायमची झाली.

त्यानंतरच्या गोष्टीत मात्र हेतूंचा वाद आहे. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने दादाजींकडून या धानाचे बियाणे प्रयोगासाठी नेले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने एक वाण विद्यापीठाकडून प्रसारित झाला. विद्यापीठाच्या बाजूने असे प्रतिपादन झाले की, हा शुद्ध वंशाच्या निवडीतून सिद्ध केलेला स्वतंत्र वाण आहे. शेतकऱ्याच्या घरी राखलेल्या बियाण्यात थोडीफार भेसळ राहते आणि ती काढून बियाणे एकजिनसी करणे हे खरे शास्त्रीय कार्य आहे, एवढे मान्य करावयास कोणाची हरकत असू नये. परंतु शुद्धीकरण करणाऱ्याचे नाव दस्तऐवजात यावे आणि जे शुद्ध केले ते ज्याने निर्माण केले त्याचे येऊ नये, हे न्यायाला धरून नाही. एडिसनच्या मेन्लो पार्कमध्ये त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यकांची नावे आजही सांगितली जातात. दादाजी तर कोणाचे साहाय्यकही नव्हते.

सुदैवाने हे नाव अगदीच हरपले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांच्या कामाची दखल घेतली, आणि ५ जानेवारी २००५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकाने ग्रामीण भारतातील प्रभावशाली उद्योजकांच्या यादीत त्यांचा समावेश केला. या सन्मानांनी त्यांच्या प्रपंचाची ओढाताण काही थांबली नाही. घरच्या आजारपणात जमीन विकण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, आणि पुढचे प्रयोग त्यांनी आप्ताने दिलेल्या तुकड्यावर चालू ठेवले. प्रयोगशाळेची जागा बदलली, काम खंडित झाले नाही, याकडे मी वाचकाचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. ‘एचएमटी’नंतर विजय नांदेड, नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, काटे एचएमटी आणि ‘डीआरके’ असे वाण त्यांनी एकामागून एक काढले. शेवटचे नाव म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरे. एवढ्या वाणांत एकदा तरी त्यांनी आपली मुद्रा उमटविली. ज्या गावाने त्यांना वागविले त्या गावाचे नाव तर त्यांनी चार वाणांना दिले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळील शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले.

आता भंडाऱ्याकडे वळतो. आमच्या जिल्ह्यात साकोलीला कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे आणि साकोली-६, साकोली-७, साकोली-८ हे वाण तेथूनच शेतकऱ्यांपर्यंत आले. तेथे आणि नांदेडच्या बांधीत चाललेले काम मुळात एकाच जातीचे आहे. अंतर आहे ते एवढेच की, संशोधन केंद्रात प्रत्येक वाफ्याला क्रमांक असतो, प्रत्येक पिढीची नोंद होते, कोणत्या झाडाचा कोणाशी संकर केला, कोणत्या वर्षी किती उतारा पडला, हे सारे तपशीलवार वहीत उतरते, आणि मूळ शास्त्रज्ञ निवृत्त झाला तरी पुढचा अधिकारी ती वही उघडून काम पुढे नेऊ शकतो. बांधीतल्या संशोधकाची वही म्हणजे त्याची स्मृती. ती त्याच्याबरोबर जाते. मग मागे उरते ते केवळ बियाणे, आणि बियाणे बोलत नाही. एखादा गट किंवा एखादा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाणाची निवड करीत आला असेल, तर त्या निवडीचा इतिहास दाण्याच्या आत असतो. परंतु तो वाचावयाचा कोणी आणि कसा?

आमच्या चिन्नोरचीच गोष्ट घ्या. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, ही निःसंशय अभिमानाची बाब आहे. चिन्नोरचा लहान दाणा शिजू लागला म्हणजे सुगंध शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि लग्नकार्यात, पाहुण्यांसाठी, सणावारी तो राखून ठेवण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. परंतु ज्या शेतकऱ्यांनी, ‘एचएमटी’ आणि त्यानंतरच्या भरघोस वाणांच्या काळातही, कमी उत्पन्न सोसून चिन्नोरची एक बांधी दर वर्षी राखली, त्यांच्यामुळे हे मानांकन शक्य झाले. त्यांतल्या कोणाची तरी निवड इतरांहून अधिक डोळस असणार. त्याचे नाव कोठल्याही कागदावर नाही.

बियाण्याचा संग्रह हीच खरी जतन केलेली प्रयोगशाळा, असे मी म्हणतो ते केवळ भावनेच्या भरात नव्हे. लेनिनग्राडमध्ये निकोलाय वाविलोव्ह या महान वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर हिंडून गोळा केलेल्या बियाण्यांचे भांडार होते. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी त्या शहराला वेढा घातला, तेव्हा वाविलोव्ह स्वतः आपल्याच सरकारच्या कैदेत होता आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात तो उपासमारीने मरण पावला. परंतु त्याच्या सहकाऱ्यांनी ते भांडार सोडले नाही. शहरात अन्नाचा कण दुर्मीळ झालेला असताना धान्याच्या हजारो पुड्यांच्या मधोमध बसून त्यांच्यापैकी काही जण भुकेने मेले. भाताच्या संग्रहाची जबाबदारी ज्याच्यावर होती तो द्मित्री इव्हानोव्ह याचाही अंत तसाच झाला, आणि त्याच्या मागे भाताच्या पुड्या शाबूत सापडल्या. धानावर जगणाऱ्या आमच्या मुलखात या मनुष्याचे नाव प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे.

आपल्या शेजारीही असा एक साधक होऊन गेला. डॉ. रा. ह. रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे रायपूरला राहून त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून भाताचे सुमारे एकोणीस हजार नमुने जमविले. त्या संग्रहात आणखी भर पडून तो आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. रिछारियांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते: त्यांनी नमुन्याबरोबर गावाचे नाव, शेतकऱ्याने सांगितलेले गुण आणि वाणाचे स्थानिक नाव यांचीही नोंद केली. ज्या क्षणी शेतकऱ्याचा शब्द दाण्याबरोबर लिहिला जातो त्या क्षणी बांधीला वही मिळते.

पुड्यांत बांधून ठेवलेले बियाणे मात्र अमर नसते. आमच्या दमट हवेत साध्या कोठीत धानाची उगवणशक्ती वर्षा-दोन वर्षांत खालावते. बियाणे पुरेसे सुकवून शून्याखाली अठरा अंशांवर शीतगृहात ठेवले तर ते काही दशके टिकते, परंतु तेथेही ठराविक काळाने काही दाणे पेरून, नवे बियाणे घेऊन, जुन्याची जागा भरावी लागते. म्हणजे मेन्लो पार्कची इमारत एकदा उभी केली की तिच्यावर केवळ पहारा ठेवला तरी चालते. बियाण्याच्या प्रयोगशाळेला दर काही वर्षांनी चिखलात उतरावे लागते. शिवाय शीतगृहातले बियाणे शेतातल्या रोगांशी, किडींशी आणि बदलत्या पावसाशी झगडत नाही, म्हणून ते बदलतही नाही. शेतकऱ्याच्या बांधीतले बियाणे दर हंगामाला परीक्षा देते. दोन्ही प्रकारचे जतन हवे आहे. एक वाण कपाटात, आणि तोच वाण निदान दोन-चार गावांच्या बांध्यांत, अशी व्यवस्था असली तर बांधीत पडलेल्या दुष्काळाला कपाट आधार देईल आणि कपाटातल्या निद्रेला बांधी जाग आणील.

कायद्याने या बाबतीत बराच मार्ग मोकळा केला आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा केंद्रीय कायदा शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंदणी करण्याची मुभा देतो, आणि बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे व, छापील नाममुद्रा न लावता, विकणे हा शेतकऱ्याचा हक्क म्हणून मान्य करतो. दादाजींच्या तीन लोंब्या या कायद्याच्या आधीच्या. त्यांच्या उत्तरायुष्यात तो आला. त्याशिवाय २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असते आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावात कोणती झाडे, कोणती जनावरे, कोणती पिके, कोणते वाण आहेत, ते कोणी आणले, कोण राखतो, त्यांचा उपयोग कोणता, हे सारे त्या वहीत यावे अशी अपेक्षा आहे. कायद्याच्या भाषेत ही एक वैधानिक नोंद असली तरी मला ती बांधीतल्या संशोधकाची हरवलेली वही वाटते.

म्हणून भंडारा जिल्ह्यातील वाचकाला माझे एवढेच मागणे आहे. या खरिपात आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन ही नोंदवही मागून पाहावी, आणि तीत धानाच्या वाणांचे पान आहे की नाही ते तपासावे. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडून ते पान उघडवून घ्यावे. वाणाचे नाव, त्याची ओळखण्याची खूण, तो कोणत्या वर्षी गावात आला, कोणाकडून आला, आणि त्यातून काही निराळे निवडले असेल तर ते निवडणाऱ्याचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, तेथे लिहवून घ्यावे. आणि ज्यांच्या बांधीत यंदा चार लोंब्या निराळ्या दिसतील त्यांनी त्या उपटून न फेकता वेगळ्या काढून ठेवाव्यात, त्यांवर तारीख घालावी, आणि थोडे बियाणे साकोलीच्या केंद्राकडे देताना पोच लेखी मागून घ्यावी.